काठी खुंटीवर नाही

आपल्या मासिकाच्या या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा वैतागून अंक बाजूला ठेवतो. कुणाला पिंपळावर पांढरी बाई दिसते, कुणाच्या आत्याला पैंजण ऐकू येतात... माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. माझ्या घरात अंगारा-धुपारा चालत नाही, आणि अमावास्येला मी बिनदिक्कत प्रवास करतो. तरीही लिहितो आहे. कारण जे घडलं ते माझ्यासमोर, लख्ख दिवसा, चार शहाण्या माणसांच्या देखत घडलं. दुसरं कारण असं, की ते सांगायचं तर त्याआधीचं एक सांगावं लागतं, आणि ते मी फार दिवस दाबून ठेवलं आहे. आता पंचेचाळिशी उलटली. कोण काय म्हणेल याची भीती संपली आहे. म्हणू द्या.

मी मूळचा रेल्वेतला. खामगावच्या एकेरी लाइनीवर तारबाबू होतो. एकेरी रुळाचा एकच कायदा असतो – ड्रायव्हरच्या हातात स्टेशनमास्तरनं दिलेला गोळा, म्हणजे परवान्याचा लोखंडी चेंडू, असल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघत नाही. गोळा एकच. म्हणजे रुळावर गाडीही एकच. डोळ्यांनी दिसो न दिसो, धुकं असो की पाऊस, गोळा ज्याच्या हातात, वाट त्याची.

लढाईच्या दिवसांत मला विमानाच्या उतारतळावर पाठवलं. खात्याचं नाव लिहीत नाही. बुलढाण्याहून धाडच्या सडकेनं निघालं की एका ठिकाणी डाव्या हाताला मुरमाचा माळ लागतो. आजूबाजूला सगळी काळी जमीन, ज्वारी-कपाशीची, आणि मधेच हा लालसर उघडा पट्टा. तिथे धावपट्टी होती. पलीकडे थोडं गेलं की निजामाची हद्द. मोठी विमानं येत नसत. डाकेचं, अधिकाऱ्यांना नेणारं, वाट चुकलेलं किंवा इंजिन बिघडलेलं लहान विमान उतरायचं. वायरलेस नव्हतं. कोण येणार याची तार बुलढाण्याला यायची आणि तिथून सायकलवर चपराशी. कधी विमान आधी यायचं, चपराशी मागून. वारा दाखवायला खांबावर एक लांब कापडी पिशवी होती, तिला गावची माणसं ‘साहेबाचा पायजमा’ म्हणत. आणि माझ्याजवळ दोन निशाणं – हिरवं आणि लाल.

पट्टीत एक खोड होती. मध्यावर उंचवटा. माझ्या खोलीच्या टोकाकडून पाहिलं तर उंचवट्यापलीकडचं काही दिसत नसे. तिकडे माणूस आहे, ढोर आहे की विमान, देवच जाणे. गावची गुरं तर पट्टी आपल्याच बापाची समजून आडवी जायची.

म्हणून मी गोळ्याचा कायदा तिथे आणला. दीड हाताची बाभळीची काठी घेतली, एक टोक लाल रंगवलं, दुसरं पांढरं, दोन्ही टोकांना चामड्याची वादी लावली आणि खोलीत खुंटीवर टांगली. नियम एवढाच – रोलर न्यायचा असो, गवत कापायचं असो, ज्याला पट्टीवर जायचं त्यानं काठी हातात घेऊन जायचं, परत आला की खुंटीला लावायची. खुंटी रिकामी तर पट्टी भरलेली. मग कुठल्याही विमानाला हिरवं निशाण नाही. तळाच्या साहेबांना कल्पना पसंत पडली. साहेब पुण्याचे, माणूस वाईट नव्हता, पण आमचं बोलणं कानावर पडलं की ओठ थोडे मुडपायचे.

रोलर खंडूचा. म्हणजे रोलर सरकारी, बैलजोडी खंडूची. तो त्या माळालगतच्या गावचा, थोडी जमीन, बायको जनाबाई. खंडूला माझ्या काठीची भारी गंमत वाटायची.

“बाबूजी, घरी बायकोले इचारल्याशिवाय कुठी जात नाई, अन् इथी काठीले इचारू?”

“विचार बे. बायको मारत नाही, विमान मारते.”

“माह्यी बायको तुमी पाह्यली नाई अजून!”

घ्यायचा मात्र. रोज घ्यायचा. फक्त परत लावताना उलटी लावायचा. लाल तोंड वर ठेवायचं हे मी शंभरदा सांगितलं असेल, लाल वर असलं की दारातूनच नजरेत भरतं. तो मुद्दाम लाल खाली करून टांगायचा आणि माझ्याकडे बघत मिशीत हसायचा. मी चिडून सुलटी करायचो. हा आमचा रोजचा खेळ होता. त्या माळावर दुसरी करमणूक तरी काय होती?

आता ते सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक विमान आलं आणि पावसामुळे मुक्कामाला राहिलं. उतरताना त्याच्या चाकांनी उंचवट्यापलीकडे खोल चाकोरी पाडली होती. संध्याकाळी खांदेमळणी. खंडूनं बैल धुऊन आणले, आमच्या खोलीसमोरच त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि कानात जेवणाचं आवतन दिलं. साहेब खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, “खंडू, सकाळी विमान उडायच्या आत ती चाकोरी बुजव.”

“उद्या बैल जुपत नसते साहेब. उद्या त्याइचा दिवस.”

“मग?”

“पाहू आता,” खंडू म्हणाला आणि बैल घेऊन गेला.

सकाळी आभाळ उघडलं. पायलटला जायची घाई. साहेब विमानापाशी. मी खोलीतून निशाण घेऊन निघालो आणि खुंटीकडे पाहिलं नाही. का पाहिलं नाही? कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं – आज पोळा, आज बैल जुंपत नाहीत, म्हणजे रोलर नाही, म्हणजे पट्टीवर कोणी नाही. दुसऱ्या मुलखातला माणूस ही चूक करूच शकला नसता. त्याला पोळा माहीत नसता, त्यानं मुकाट्यानं खुंटीकडे बघितलं असतं.

मी हिरवं निशाण दाखवलं.

खंडू बैल घरी ठेवून एकटाच आला होता. खांद्यावर धुम्मस, मुरूम ठोकायचा तो जड लोखंडी ठोकळा. काठी घेऊन उंचवट्यापलीकडे चाकोरी ठोकत बसला होता. काठी नेताना त्यानं मला आवाज दिला असणार. तो नेहमी द्यायचा – “बाबूजी, काठी नेऊन राह्यलो.” मी मागच्या बाजूला आंघोळ करत होतो. ऐकलं असेल. ‘हाव’ म्हणालोही असेन. मला आठवत नाही, आणि त्या आठवत नसण्यानंच मला जास्त पोखरलं आहे.

विमान उंचवट्यावरून गेलं. वर उठलं, पण थोडं उशिरा. पायलटला काही कळलंही नसावं, तो निघून गेला. मला मात्र काहीतरी आदळल्याचा आवाज ऐकू आला आणि मी पळत सुटलो. साहेब मागे राहिले. खंडू पडला होता. काठी त्याच्या हाताजवळ चिखलात होती. मी आधी त्याचं तोंड पाहिलं... संपलं होतं. मग मी काठी उचलली, कोटाच्या आत घातली, चौकीदार दगडूला बोलवायच्या निमित्तानं खोलीत आलो, पुसली आणि खुंटीला टांगली. लाल तोंड वर. जशी मला आवडते तशी.

साहेबांनी विचारलं, “काठी कुठे होती?”

“खुंटीवर.”

“मग हा न विचारता कसा गेला?”

मी म्हणालो, “पोळ्याचा दिवस... घेतली असेल थोडी.”

एवढंच म्हणालो. ते ‘असेल’ कागदावर पोचेपर्यंत ‘होती’ झालं. कागदावरून गावात गेलं. आमच्याकडे पोळ्याला बैल जेवल्याशिवाय त्यांचा धनी पाणी पीत नाही. त्या दिवशी, बैलांच्या आधी, खंडू दारू प्याला – असं माझ्या तोंडानं त्याच्या नावावर लागलं. त्याची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली मधोमध उभी राहायची, तो त्या घराचा मान होता. त्याच संध्याकाळी पाटलानं तो काढून घेतला. घरात प्रेत, आणि बैल तोरणाच्या एका कडेला, उकिरड्याच्या अंगाला. मला दगडूनं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि निशाणांना घडी घातली.

आता त्या अनुभवाकडे येतो.

पौषातली सकाळ होती. धुकं नव्हे, पण हवेत राखेसारखं काहीतरी होतं, उंचवट्याच्या अलीकडचंही नीट दिसेना. एक विमान जायला तयार होतं. गोरा पायलट आत बसलेला, पंखा फिरतोय, दगडू आणि मिस्त्री दोन बाजूंनी पंख धरून उभे, साहेब समोर. माणसं एवढीच. मी निशाण घ्यायला खोलीत आलो आणि खुंटीकडे पाहिलं. त्या पोळ्यापासून मी श्वास घेण्याआधी खुंटीकडे बघायचो.

खुंटी रिकामी.

उजाडताच मी ती स्वतः तिथे पाहिली होती, लाल तोंड वर. खोलीला एकच दार, आणि दाराला कडी लावून मी विमानापर्यंत जाऊन आलो होतो, खोली सगळा वेळ डोळ्यांसमोर होती. खाली पाहिलं, खाटेखाली पाहिलं. नाही. बाहेर येऊन कडी लावली, लाल निशाण उभारलं. पायलटनं आतून हात झाडले. साहेब तरातरा आले.

“काय झालं, तारबाबू?”

“काठी खुंटीवर नाही.”

“मग पट्टीवर कोण आहे?”

“कोणीच नाही. सगळे इथेच आहेत.”

“मग हिरवं दाखवा!”

“काठी खुंटीवर नाही, साहेब.”

“अहो, ती काठी आहे की धर्मग्रंथ? उंदरानं नेली असेल! दाखवा निशाण.”

“नाही दाखवणार.”

साहेबांनी माझ्या हातातलं हिरवं निशाण ओढलं. मी सोडलं नाही. दगडू पंख धरल्या जागेवरून ओरडला, “बाबूजी, नोकरी जाईन ना बाप्पा! काऊन हट्ट करून राह्यले?” मी लाल निशाण घेऊन थेट विमानाच्या समोर जाऊन उभा राहिलो. पंख्याचा वारा तोंडावर येत होता, टोपी उडाली. साहेब म्हणाले, आजच्या आज तुम्हाला घरी पाठवतो. मी म्हणालो, पाठवा, पण काठी आल्याशिवाय हे विमान हलणार नाही.

इथे वाचकांना वाटेल की मला काहीतरी ‘जाणवलं’. मुळीच नाही. अंगावर काटा आला नाही, कानात कुणी बोललं नाही, खंडूची आठवणसुद्धा त्या क्षणी नव्हती. मी एकदा खुंटीकडे न बघता निशाण दाखवलं होतं. दुसऱ्यांदा दाखवणार नव्हतो. बस.

आणि तेवढ्यात उंचवट्यावर पुसटसं विमान दिसलं.

आवाज नाही. काहीच नाही. पंखा थांबलेला. हळूहळू चाकांवर सरकत ते उंचवट्याच्या माथ्यावर आलं, थोडं कलंडल्यासारखं झालं आणि तिथेच थांबलं, तोंड आमच्याकडे. साहेब दोन पावलं मागे सरले. गोऱ्या पायलटनं इंजिन बंद केलं. ती शांतता मला अजून ऐकू येते. आमचं विमान निघालं असतं तर माथ्यावर दोन्ही समोरासमोर भेटली असती, आणि शेवटपर्यंत एकाला दुसरं दिसलं नसतं.

त्या विमानातून एक तरुण सरदारजी उतरला. आम्ही पळत गेलो. तो हसत होता. इंजिन वरच बंद पडलं होतं, तार-बीर करायची सोय नव्हती. त्याला दुसऱ्या टोकाकडून येऊन उंचवटा ओलांडून आमच्या बाजूला टेकायचं होतं, कारण आमच्या बाजूची पट्टी सपाट.

“फिर उस टीले पर आपका आदमी दिखा,” तो म्हणाला. “दोनों हाथों से डंडा सिर के ऊपर आड़ा पकड़े खड़ा था. लाल-सफ़ेद डंडा. मैं समझ गया, आगे नहीं जाना. वहीं उतार दिया. उसे मेरा सलाम कहना, साहब.”

साहेबांनी विचारलं, “कौन आदमी?”

“अरे, वही. धोती, मुंडासा. पैर के पास लोहे का कुछ पड़ा था, बड़ा-सा ठोकने का.” आणि तो वळून दाखवायला लागला, तर तिथे कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कापून झालेली, उघडं रान. लपायला सशानं जागा मागितली तरी मिळणार नाही अशी जमीन.

त्याच्या विमानाची पुढची चाकं खंडू पडला त्या चाकोरीला लागूनच, आमच्या बाजूला थांबली होती. ती चाकोरी आम्ही किती वेळा बुजवली होती, दर पावसानं पुन्हा बसायची.

मी खोलीकडे चालत आलो. कडी लागलेलीच होती. उघडली.

काठी खुंटीवर होती. तिला मुरूम लागला होता, ओला, लाल. आणि लाल तोंड खाली होतं.

तिथे मी खाली बसलो. दगडू मागून आला, त्यानं काठी पाहिली आणि दारातच थबकला. तो उलट्या काठीचा आमचा रोजचा तंटा जाणून होता. “बाबूजी,” तो एवढंच म्हणाला, “हे तं...” नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

त्याच दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. पोळ्याची सकाळ, माझी आंघोळ, कोटात लपवलेली काठी, ‘घेतली असेल’. त्यांनी समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाले, “तारबाबू, तुम्ही आज दोन विमानं वाचवलीत. वर तसंच कळवतो आहे. ते जुनं प्रकरण मिटलेलं आहे. मिटलेलंच राहू द्या.” मी म्हणालो, मिटलेलं तुमच्याकडे असेल, खंडूच्या दारात नाही. ते म्हणाले, जा आता. वर कळवलं ते असं – कर्मचाऱ्यानं दूरवरून विमानाची चाहूल ओळखली. चाहूल! बंद इंजिनाची! त्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली. त्या थोपटण्याचे वळ अजून आहेत.

पुढच्या पोळ्याला मी गावात गेलो. तोरण बांधलं होतं, जोड्या रांगेनं उभ्या, झुली, बाशिंगं, घुंगरं, वाजंत्री. खंडूची जोडी कडेला. दोर जनाबाईच्या हातात होता. बाईमाणसानं पोळ्यात बैल धरायची आमच्याकडे रीत नाही. पण दुसरं कोण धरणार होतं? मी तोरणाखाली जाऊन उभा राहिलो आणि वाजंत्री थांबवायला सांगितली. पाटील चिडला.

“काय आहे बाबूजी? मुहूर्त जाऊन राह्यला.”

मी सगळं सांगितलं. मोठ्यानं. कुठलाही शब्द न गाळता. काठी कुठे होती, कोणी उचलली, दारूचा शब्द कोणाच्या तोंडून निघाला. गर्दीतून कोणीतरी खवचटपणे बोललं, “खंडूचं भूत मानगुटीवर बसलं वाट्टे, म्हनून खरं बोलून राह्यले!”

“भूत मी पाह्यलं नाही,” मी म्हणालो. “काठी पाह्यली. अन् खोटं मी बोललो होतो, तो नाही. कोणाले मारायचं असंन तर मले मारा. पण त्याचे बैल तिथी उभे राहणार नाहीत.”

कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. जनाबाई पुढे आली. माझ्याकडे तिनं असं पाहिलं की मला माझे हात कुठे ठेवावे कळेना.

“त्या दिसी त्यानं पानीबी पेलं नोतं,” ती म्हणाली. “मी सांगत होती. मले कोनी इचारलं?” मग दोर ओढत, “तुमाले माफी-बिफी नाई बाबूजी. सरका. बैल पुढं घेऊ द्या.”

मी सरकलो. पाटलानं मान खाली घातली आणि हातानंच वाट करून दिली. जोडी मधोमध जाऊन उभी राहिली, दोर तिच्याच हातात. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

लढाई संपली. तळ बंद झाला, आता तिथे माळ आहे आणि गुरं आडवीतिडवी चरतात. या गोष्टीचा उलगडा मला झालेला नाही. दगडूनं काठी नेली म्हणावं तर तो पंख धरून उभा होता. सरदारजीला भास झाला म्हणावं, तर ज्यानं आमचा तळ कधी पाहिला नव्हता त्याला लाल-पांढरी काठी कशी भासली? शिकलेले मित्र म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ. खेळलं असेल मन. पण मन दीड हाताची काठी कडी लावलेल्या खोलीतून बाहेर नेत नाही आणि मुरूम लावून परत आणत नाही. उलट बाजूचे लोक सांगतात, शांत करून टाक, नारळ फोड, कोंबडं उतरव. त्यांनाही माझं उत्तर तेच आहे. मी काही उतरवणार नाही. काम झालं की काठी खुंटीला लावायची, हा नियम होता. एकदा त्याच्या वतीनं ती मी लावली, खोटी. दुसऱ्यांदा त्याची त्यानं लावली.

तळ बंद होताना मी ती काठी मागून घेतली. माझ्या बैठकीत खुंटीवर आहे, लाल तोंड खाली. रंग उडालाय, पण मी नवा देत नाही. पाहुणे विचारतात, उलटी का टांगली? एक-दोघांनी उठून सुलटी करायला हातही पुढे केला.

मी लावू दिला नाही.